सेम टू सेम

ऑक्टोबर २०२४. वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीत जाळायचा यंदाचा नरकासुर बांधायला घेतलाय. सांगाडा रस्त्यावर, मुंडकं माझ्या पडवीत, कारण पाऊस अजून पूर्ण गेलेला नाही. परवा त्यातल्याच एकाने, कोपरापर्यंत खळ माखलेली असताना, विचारलं, "काका, १९ नोव्हेंबरला नवा सिम येतोय ना? ह्यात तरी एकदम खऱ्यासारखं वाटेल?"

सिम म्हणजे सिम्युलेटर, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ. हाच प्रश्न मला ऑफिसात कागद तपासताना विचारला गेलाय, चवथीला आरती संपायच्या आत विचारला गेलाय, मेव्हणीने फोनवर विचारलाय. मुरगाव बंदरावरच्या क्लिअरिंग एजंटाकडे नोकरी करणाऱ्या माणसाला वास्कोत 'पायलटबाब' म्हणतात, त्यातली चेष्टा मला कळते. पण हा प्रश्न चेष्टेने विचारलेला नसतो. मी दर वेळी "बघू या" म्हणून सटकतो. सगळेच विचारतात म्हणून आज बसून लिहितोय.

दिसायला? हो, वाटेल. मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटर २०२४ जून २०२३ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून त्यांनी दाखवलेलं बहुतेक सगळं मी पाहिलंय, काही दोनदा. कॉकपिटमधून उतरून विमानाभोवती चालता येणार. पंखाखाली वाकून, उडायच्या आधीची तपासणी आपणच करणार. वणवे विझवायचे, शोध-बचावाला जायचं, शेतांवर फवारणी करायची, अशी चक्क नोकरी करता येणार. बरंचसं जग सर्व्हरवरून उडता उडता उतरणार, म्हणजे मशीनवर जागा कमी आणि भिस्त सगळी इंटरनेटवर. आमच्याकडे जुलैत माड तारांवर पडला की दिवसभर लाईट नसते. त्या दिवशी मी जमिनीवरच.

पण 'दिसायला हो' हे उत्तर मी पूर्वीही दिलंय, आणि तेव्हा 'दिसायला' हा शब्द गाळून दिलंय.

२००६ मध्ये एफएसएक्स, मायक्रोसॉफ्टचाच जुना सिम, आला तेव्हा मी बाविशीत होतो आणि छातीठोकपणे सांगत होतो की आता ह्याच्यापुढे कोण काय करणार. त्यात गोवा म्हणजे हिरव्या चौकटींचं जाजम, कुठल्याही उष्ण देशात अंथरता येईल असं, आणि कडेने किनाऱ्याची रेघ. मला ती पुरली होती. मग ऑगस्ट २०२० आला, आणि त्यांचा पुढचा सिम. दोन पेटाबाइटहून जास्त नकाशे आणि फोटो, आणि वरून काढलेल्या फोटोंतली छपरं ओळखून ऑस्ट्रियातल्या एका कंपनीच्या प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दीडशे कोटी इमारती. टाळेबंदीत चार महिने वास्कोबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. सिममध्ये दाबोळी विमानतळावरून उठलो, झुआरी नदी ओलांडली, डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाही मी तेच सांगितलं: आता ह्याच्यापुढे काय. बाविशीतल्या मला आज कुणी समोर आणून बसवलं तर मी त्याला हसू शकणार नाही. छत्तिशीतल्या मी तरी वेगळं काय केलं?

प्रत्येक सिममध्ये माझं पहिलं काम म्हणजे आमचं घर शोधणं. एकात घराच्या जागी खाडी होती. एकात आमच्या मंगलोरी कौलांवर दोन मजले चढलेले आणि वर सपाट गच्ची. आईने चष्मा लावून पाहिलं. "बरं झालं, पंचायतीला न विचारता वाढवलं," म्हणाली.

चित्र सुधारतंय, त्यावर माझं भांडण नाही. भांडण उडण्याबद्दल आहे. जुन्या सिममध्ये विमान बरंचसं तक्त्यांवर उडायचं: इतका वेग, इतका कोन, तर इतकी उचल. एक्स-प्लेन ह्या दुसऱ्या सिमवाल्यांनी वेगळी वाट धरली, पंखाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बळ सेकंदात अनेकदा मोजायचं. पुढे मायक्रोसॉफ्टनेही विमानाचा पृष्ठभाग वाटून हिशेब करायला घेतला. सरळ उडताना हे छान जमतं. पण पंखावरची हवा सुटली, म्हणजे स्टॉल झाला, की हवा कुणाच्याच तुकड्यांना जुमानत नाही. तिथे विमान कसं वागेल ह्याचा बराचसा अंदाजच असतो.

मग एअरलाइनचे ते करोडोंचे सिम्युलेटर? सहा पायांवर उभी असलेली ती खोली? तिलाही फसवावंच लागतं. विमान धावपट्टीवर वेग घेतं तेव्हा पाठ सीटला दाबली जाते. खोली काही हॉलमधून सुसाट पळू शकत नाही, म्हणून ती गुपचूप मागे कलते. डोळ्यांना सपाट धावपट्टी, पाठीला स्वतःचंच वजन, आणि मेंदू म्हणतो, पळालो. अमेरिकेतल्या एडविन लिंकने १९२९ मध्ये आपला पहिला ट्रेनर, म्हणजे जमिनीवरच उडायला शिकवणारं यंत्र, बांधला तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर. आमच्या वास्कोच्या सप्ताहात रात्रभर पेटीचा जो भाता हलतो, त्याच जातीची वस्तू. मला ही गोष्ट फार आवडते. माझ्या घरी मात्र भाता नाही, ऑफिसने भंगारात काढलेली फिरती खुर्ची आहे.

पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "आपटलं की तुकडे होताना दिसतात?" इथे माझा आवाज चढतो. १ ऑक्टोबर २००२ ला नौदलाची दोन इल्युशिन-३८ विमानं दाबोळीजवळ हवेत एकमेकांवर आदळली. तो धूर मी पाहिलाय. ही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्या बाबतीत सिम जितका खोटा राहील तितका मला हवा.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

२०२२ च्या डिसेंबरात मी महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबात गेलो होतो. ओळखीने अर्ध्या तासाची फेरी जमली होती. क्लबाचं नाव लिहीत नाही, माझ्या हाती कंट्रोल दिल्याबद्दल तिथल्या उडायला शिकवणाऱ्या मॅडमना कुणी जाब विचारायला नको. तोवर माझे सिमवर नऊशेच्या वर तास झाले होते, त्यातले निम्मे सेस्ना १७२ ह्या छोट्या विमानावर, आणि समोर उभं होतं तेही सेस्ना १७२. निघताना मी अर्ध्या वास्कोला सांगून निघालो होतो.

मॅडम असतील सव्वीस-सत्तावीसच्या, नागपूरकडच्या. मला 'काका' म्हणत होत्या. जमिनीवर मी बहरात होतो. चेकलिस्ट तोंडपाठ, कुठला स्विच कुठे ते न बघता माहीत. त्या दोनदा "अरे वा" म्हणाल्या. उडालो. साडेतीन हजार फुटांवर त्या म्हणाल्या, "घ्या काका, नुसतं सरळ न्या."

नुसतं सरळ. खाली उसाची शेतं, मध्ये नांगरलेली काळी जमीन, सकाळचे अकरा. काळ्या जमिनीवरून गेलं की विमान खालून कुणीतरी गुडघा मारल्यासारखं वर उसळायचं. मी काट्याकडे पाहायचो, वर चाललोय, हँडल पुढे. चढउताराचा काटा थोडा मागून चालतो, हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं, लोकांना समजावलेलं. तरी मी त्याच्या मागे धावत होतो. अडतीसशे. तेहेतीसशे. छत्तीसशे. हाताची मूठ अशी की नखं तळव्यात. घरच्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते, सोडली की मध्यावर येते. खऱ्या विमानात असा कायमचा मध्य नसतोच, वेग बदलला की तोही सरकतो, आणि हातावर उरलेला भार ट्रिमने काढून टाकायचा असतो. मी अंगठ्याने ट्रिमचं बटण चाचपत होतो. बटण माझ्या टेबलावर, वास्कोत. इथे पॅनेलखाली, दोघांच्या मधोमध, एक काळी दातेरी चकती होती. ती मी हजारदा पडद्यावर पाहिली होती आणि एकदाही हात लांबवून फिरवली नव्हती.

"काका, सिमवाले ना तुम्ही?" मॅडम हेडफोनमधून म्हणाल्या. रागाने नाही, आणि त्यामुळेच जास्त लागलं. "बाहेर बघा."

बघतोय, म्हटलं. बघत नव्हतो. घरी बाहेर बघण्यासारखं असतं ते चोवीस इंचांत मावतं, आणि काटे त्याच चोवीस इंचांत असतात. खुर्ची काहीच सांगत नाही, म्हणून सगळं काट्यांना विचारायची सवय लागते. तीन वेळा सांगून झाल्यावर त्यांनी मांडीवरचा घडी केलेला नकाशा उघडला आणि माझ्या समोरच्या पॅनेलवर आडवा धरला. सगळे काटे गायब. "आता न्या. नाक आणि क्षितिज, मधलं अंतर तेवढंच ठेवायचं. दोन बोटांनी."

पहिले काही क्षण मला खरोखर भीती वाटली. मग बोटं सैल झाली. चकती थोडी खाली फिरवली, हातावरचा भार उतरला, आणि विमान शांत झालं. मी काहीच करत नव्हतो आणि ते सरळ जात होतं. त्यांनी नकाशा जरासा उचलला: पस्तीसशे वीस. परत आडवा धरला. असं दोन मिनिटं चाललं असेल. नऊशे तासांत मला हे एकदाही भेटलं नव्हतं.

इथे थांबलो असतो तर किस्सा सांगण्याजोगा झाला असता. पण परत वळताना विमान कललं, कानामागून गार घाम सुटला, आणि सकाळचे पोहे सीटमागच्या पिशवीत गेले. उतरवलं अर्थातच मॅडमनी. पिशवीला गाठ मारून मी ती हातात घेऊन हँगरपर्यंत चालत आलो. तेवढ्यात फोन वाजला. शेजारचे भाऊ, बंदरातून निवृत्त झालेले. "काय पायलटबाब, कसं वाटलं?"

मी म्हणालो, "सेम टू सेम."

बस. एवढंच खोटं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. लोकांना वाटतं मी 'बघू या' म्हणतो ते मला नव्या सिमची कुवत जोखायचीय म्हणून. नाही. कोण कधी माझं ते 'सेम टू सेम' माझ्यासमोर आणून ठेवेल, ह्या धास्तीने म्हणतो.

आणि ते आलंच. भाऊंचा नातू बारावीला आहे, त्याला पायलट व्हायचंय. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, आणि तासाचा खर्च ऐकून भाऊंनी परवा अंगणात बसून हिशेब मांडला: नवा सिम, चांगला कॉम्प्युटर, पेडल, सगळं घेऊन दिलं तर त्यातले निदान पन्नास तास घरी निघतील की नाही? "तूच म्हणालेलास ना, सेम टू सेम."

भाऊ, एक मिनिटही निघणार नाही. मान्यताप्राप्त यंत्रावरचे थोडे तास धरतात, तेही ठरावीक कामापुरते. घरच्या कॉम्प्युटरवरचं काहीच लॉगबुकात चढत नाही. हे मी तुम्हाला अंगणात सांगायला हवं होतं. तुम्ही चहा मागवलात आणि मी चहा प्यायलो.

ह्याचा अर्थ सिम कुचकामी, असं कुणी म्हणालं तर मात्र मी भांडेन. त्याच मॅडमनी उतरल्यावर सांगितलं की रेडिओवर कधी काय बोलायचं हे नव्या पोरांना आठवडेच्या आठवडे जमत नाही, ते मला येत होतं. ढगात, काट्यांवर उडायची वेळ आली की हीच काट्यांना चिकटायची खोड कामाला येते. धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा, नकाशे, वाऱ्याचा हिशेब, हे सगळं मी वास्कोत खुर्चीवर बसून शिकलो, फुकट. मग खरं काय आणि कमी काय? मला नीट वाटून दाखवता येत नाही. त्या दोन मिनिटांचा विचार केला की वाटतं, नऊशे तास पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी वाटतं, ते नसते तर ती दोन मिनिटंही मिळाली नसती. आणि ते तरी खरं कशावरून? कदाचित कोऱ्या माणसाला काटे न झाकताही पहिल्याच मिनिटात जमलं असतं.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि मॉनिटरच्या खालच्या भागावर चिकटपट्टीने लावला. काटे झाकले. तेव्हापासून मी तसाच उडतो, वाईट उडतो, उंची दोनशे फूट इकडेतिकडे होते. येणाऱ्या सिममध्ये कॉकपिट म्हणे इतके बारकाईने केलेत की स्विचवरचं झिजलेलं अक्षर दिसतं. मी आगाऊ पैसे भरून ठेवलेत.

हे सगळं त्या खळ माखलेल्या पोराला सांगितलं, पिशवी सोडून. त्याने खिडकीतून आत डोकावून मॉनिटर पाहिला.

"काका, मग एवढे पैसे कशाला? पुठ्ठा लावून झाकायला?"

"मुंडकं उचला आधी पडवीतनं," मी म्हटलं. "पाऊस गेला."