आमची वाटचाल : ‘साहेब, आवाज येत नाही’

सांगलीत आमचं दुकान सुरू झालं ते असेम्बल्ड पीसी विकायला. लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमकडे, आम्ही तत्त्वापोटी वगैरे वळलो नाही. एप्रिल 2014 मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला आणि शाळा, क्लासवाले, पतसंस्था आपापली जुनी मशिनं घेऊन दारात आले. नवं विंडोज एक जीबी रॅमवर रांगायचं, हलकं लिनक्स टाकलं की मशीन निदान कामाला यायचं. लायसन्सचा खर्च नाही, फक्त आमची मजुरी. गिऱ्हाईक खूश.

दुसऱ्या दिवशी फोन यायचा : “साहेब, सगळं झकास, पण आवाज येत नाही.”

या तक्रारींनीच आमचा धंदा विक्रीकडून सर्व्हिसकडे वळवला. बहुतेक वेळा बिघाड नसतोच. एचडीएमआय केबल लावली की मशीन कधीकधी आवाज मॉनिटरकडे धाडतं, आणि स्वस्तातल्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की काम फत्ते. तोवर गिऱ्हाइकानं नवे स्पीकर आणलेले असतात, ते वेगळं.

तेवढ्यानं भागलं नाही तर आमची पोरं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडतात. एफ6 दाबून खरं साउंड कार्ड निवडायचं आणि पट्ट्यांच्या खाली बघायचं. पट्टी वरपर्यंत भरलेली असते, पण खाली ‘एमएम’ दिसलं तर तो चॅनेल म्यूट. ‘एम’ दाबायचं. तिथंच ‘ऑटो-म्यूट’ नावाचा एक पर्याय असतो. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधली पत्री धुळीनं अडकली की मशीनला कायम हेडफोन लावल्यासारखाच वाटतो. शाळांच्या लॅबमध्ये हे फार. ऑटो-म्यूट बंद केलं की मागचे स्पीकर बोलू लागतात.

लॅपटॉपवर नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसलं, तर कार्डच ओळखलं गेलेलं नाही. नव्या इंटेल मशिनांत बऱ्याचदा साउंडचं फर्मवेअर (साउंडचा चिप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं राहिलेलं असतं.

डोकेदुखी वेगळीच आहे : इंटरनेटवरचे जुने उपाय. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात आवाज सांभाळायला 2008 पासून पल्सऑडिओ हे सॉफ्टवेअर होतं, 2022 च्या 22.10 आवृत्तीपासून त्याच्या जागी पाइपवायर आलं. लोक दहा वर्षांपूर्वीचा सल्ला वाचून आवाजाची सॉफ्टवेअर पॅकेजं उडवतात आणि मग मशीन आमच्याकडे आणतात. अशा वेळी आधी सगळं पूर्ववत करावं लागतं, आवाजाचं नंतर. नुसतं पाइपवायर आणि त्याचा जोडीदार प्रोग्रॅम वायरप्लंबर रीस्टार्ट करूनही पुष्कळदा भागतं, त्याला रूटचा (ॲडमिनचा) पासवर्डही लागत नाही.

“दोन बटणं दाबायचे पैसे?” हा प्रश्न आम्ही खूप ऐकला. शेवटी ठरवलं : फोनवर सांगितलेलं फुकट, माणूस पाठवला तर व्हिजिट चार्ज, आणि ज्यांची मशिनं जास्त त्यांना वार्षिक करार. आज आमची निम्म्याहून जास्त कमाई या करारांतून येते.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि जुन्या मशिनांची रांग पुन्हा लागली. आता पुढचा जॅक, मागचा जॅक, एचडीएमआय आणि माइक तपासून, बिलावर टिक करूनच मशीन देतो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की गाणी डब्यातून आल्यासारखी का वाजतात, हे मात्र अजून प्रत्येकाला काउंटरवर समजावून सांगावं लागतं.