पडद्यावर कुणी ‘करायलो’ म्हणेल का?

ऑक्टोबरातली गोष्ट. आइंडहोवनच्या थिएटरात ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ बघत बसले होते. लिओनार्दो डिकाप्रिओ घरातल्या झग्यावरच पळत सुटलाय, जुन्या साथीदारांना फोन लावलाय, पलीकडचा माणूस परवलीचा शब्द विचारतोय आणि ह्याला तो काही केल्या आठवत नाही. माझा जीव टांगणीला लागलेला. तेवढ्यात फट्कन दिवे लागले. पडद्यावर एकच शब्द: पाउझे.

हॉलंडात बऱ्याच थिएटरांमध्ये अजून इंटरव्हल असतं. परदेशात इंटरव्हल नसतंच, असं आपल्याकडं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, त्यांना हे जरूर कळवा. फक्त इथलं इंटरव्हल म्हणजे विळीवर दोडका चिरावा तसं. मधोमध, कुठं का पडेना. आपल्याकडं इंटरव्हल पटकथेतच लिहिलेलं असतं. मेला म्हणून सोडून दिलेला माणूस दारात उभा राहतो, पब्लिक शिट्टी मारतं आणि मग भज्यांच्या गाड्याकडं पळतं. हॉलिवूडवाल्यांच्या डोक्यात इंटरव्हल हा प्रकारच नाही, त्यामुळं इथला ऑपरेटर जागा दिसेल तिथं कापतो. लोक मुकाट उठतात, बिअर नाहीतर कॉफी घेऊन परत येतात, कुणी मोठ्यानं ‘आता काय होईल बे’ म्हणत नाही. मला तेच चुकल्यासारखं वाटतं.

पिक्चर आवडला. त्यातली क्रांती-बिंती ठीक आहे, पण पोरीच्या काळजीनं घामाघूम झालेला, सगळं विसरून बसलेला तो बाप मला जास्त आवडला. माझ्या बाबांना दाखवला असता तर म्हणाले असते, ‘ह्याच्यात गाणं नाही का गं?’

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. सिनेमाचा नाद बाबांनी लावला. गावात एकच टॉकीज होती. फिल्मची पेटी एसटीनं यायची आणि बाबा स्टँडवर कामाला गेले की पेटी आली का ते बघूनच घरी यायचे. बायकांना बसायला वेगळी बाजू, मधे कमरेएवढी भिंत. मी लहान होते म्हणून बाबांजवळ बसायला मिळायचं, हातात खारेमुऱ्यांची पुडी. रीळ तुटलं की अंधारात आरडाओरडा, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज बाबांचा. आता त्या जागेवर मंगल कार्यालय आहे. भिंत पाडली, पण बाल्कनीचा जिना अजून तसाच आहे. वऱ्हाडाच्या गाद्या तिथं रचून ठेवतात.

२०२५च्या सप्टेंबरात बाबांच्या पहिल्या श्राद्धाला गावी गेले होते. त्या महिन्यात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही तो अंगावर घेतलाय. आमच्या शेतातलं सोयाबीन उभ्याउभ्या सडलं. श्राद्ध झालं, दोन दिवस कुठं जायची सोय नव्हती, घरात सगळी माणसं तोंडं पाडून बसलेली. मग पाऊस जरा उघडल्यावर काकूच म्हणाली, ‘चला गं, परभणीला जाऊन पिक्चर तरी बघू, नाहीतर येडं लागंल.’ म्हणून आई, काकू आणि मी ‘दशावतार’ला गेलो.

दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे. त्या वयात तो माणूस कोकणातला दशावतारी कलाकार बाबुली मेस्त्री होऊन पडद्यावर जे करतो, ते बघून काकूनं दोनदा ‘अगं बाई’ केलं. पहिला अर्धा भाग मला फार आवडला. बाप-लेकाचं घर, रात्रीचे खेळ, रंग लावताना आरशात बघणारा म्हातारा. नंतर खाणीचा, जंगलाचा विषय येतो आणि पिक्चर भाषण द्यायला लागतो, सूडाची गाडी जरा जोरातच पळते. विषय खरा आहे, पण आधी जे न बोलता कळत होतं ते पुन्हा बोलून कशाला दाखवायचं? आईला हे माझं म्हणणं अजिबात पटलं नाही. तिला जंगल आवडलं. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, आणि ती रिक्षात बसता बसता म्हणते कशी, ‘पाणी लई आहे गं त्यांच्याकडं.’ गुडघाभर पाण्यातून रिक्षा चाललेली! पण ती बोलली त्याचा अर्थ मला कळला. आयुष्यभर टँकरची वाट बघितलेल्या बाईला एका महिन्याच्या पुरानं पाणी मोप आहे असं वाटत नसतं.

परतीच्या वाटेवर पुण्यात बहिणीकडं दोन दिवस थांबले, तिथं दुपारच्या खेळाला एकटी ‘साबर बोंडं’ बघून आले. रोहन परशुराम कानवडे यांचा हा सिनेमा २०२५ सालच्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रांच्या विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार घेऊन आला, एवढं वाचलेलं होतं. गोष्ट साधी. मुंबईत राहणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचं काढतात. आणि गावात बाल्या असतो, त्याचा लहानपणचा मित्र. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, आणि दिग्दर्शक ते असं दाखवतो जणू त्यात दाखवण्यासारखं विशेष काही नाहीच. आरडाओरड नाही, गावाला खलनायक केलेलं नाही. आनंदची आई तर मला आमच्याच गल्लीतली वाटली. तिला सगळं ठाऊक आहे, आणि ते पोटात ठेवून बाकीच्यांना कसं उत्तर द्यायचं हेही ठाऊक आहे.

मला रडू आलं ते भलत्याच ठिकाणी. सुतकात येणारी माणसं बसतात, चहा घेतात, गप्प राहतात, मग एकदम पावसापाण्याचं बोलतात. बाबांच्या वेळी मी विमानानं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. उरलेले दिवस ओसरीवर बसून मी हेच बघत होते, कोण येतंय, कोण किती वेळ बसतंय. कॅमेरा तसाच ठाण मांडून बसतो. थिएटरात आम्ही अकराजण होतो. एकही माणूस मोबाईल काढत नव्हता, हे पुण्याचं कौतुक म्हणून नोंदवते.

इकडं परत आल्यावर माझ्या ऑफिसातल्या डच मैत्रिणीला जेवायला बोलावलं आणि आम्ही ‘स्थळ’ लावला. जयंत सोमलकरांचा. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला होता, आपल्याकडं लागला २०२५च्या मार्चमध्ये. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारा बाप, बी. ए. करणारी सविता, आणि तिला बघायला येणारे पाहुणे. दरवेळी तोच पुरुषांचा घोळका, तेच प्रश्न. सुरुवातीलाच सविताला स्वप्न पडतं, त्यात सगळं उलटं होतं: पोरगा समोर बसलाय आणि बायका त्याला विचारतायत. मैत्रीण खो खो हसली. शेवटाकडं मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मीही पाच वेळा तशी बसलेय. पाचव्या वेळचा आता माझा नवरा आहे, आणि तो त्या रात्री भांडी न सांगता घासायला उठला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पिक्चर संपल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, ह्यांची मराठी माझ्यासारखी नाही, ऐकू आलं का तुला? तिला कसं येणार? खाली सगळ्यांचं एकसारखं इंग्रजी. चंद्रपूरची सविता, कोकणातला बाबुली आणि पुण्यातला प्राध्यापक सबटायटलमध्ये एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. त्यावर तिनं मला तिच्या भाषेची गोष्ट सांगितली. आइंडहोवन ब्राबांत प्रांतात येतं. इथली माणसं ‘ग’ मऊ उच्चारतात, वरच्या भागात तोच ‘ग’ खाकरल्यासारखा घशातून येतो. ॲमस्टरडॅमला शिकायला गेली तेव्हा तिनं तोंड उघडलं की वर्ग हसायचा. आणि ब्राबांतची बोली सिनेमात गाजली ती कशात? ‘न्यू किड्स टर्बो’ नावाच्या २०१०च्या विनोदी चित्रपटात. मासकांत्ये गावातली पाच उनाड पोरं, घाणेरड्या शिव्या, दंगा. गाव खरं आहे, आणि पिक्चरच्या नादात लोक त्या गावाच्या नावाच्या पाट्याच चोरून न्यायला लागले. ‘आमची भाषा म्हणजे येडपटांची भाषा असं ठरून गेलं,’ ती म्हणाली.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, बाई, तू परभणीची आहेस.

कारण आमच्याही बोलीचं असंच झालंय. ‘काय करायलीस?’ ‘पिक्चर बघायले.’ एवढं फोनवर बोलले तरी माझा पुण्याचा नवरा गालात हसतो. त्याचा दोष नाही. त्यानं ही भाषा ऐकली ती विनोदी सिनेमात. मकरंद अनासपुरेंनी ती पडद्यावर आणली, आणि उभ्या महाराष्ट्राला आवडेल अशी आणली, ह्याबद्दल आम्ही सगळे त्यांचे ऋणी आहोत. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यातला फक्त हशा उचलला. ‘करायलो’ म्हणणारा माणूस पडद्यावर आला की तो शिपाई, नाहीतर पुढाऱ्याचा चमचा. तो प्रेमात पडलाय, त्याचा बाप वारलाय, तो रात्री झोपत नाही, असं त्याच भाषेत सांगणारे सिनेमे मला एका हाताच्या बोटांवरही पुरे मोजता येत नाहीत. ‘सैराट’नं करमाळ्याची बोली २०१६ साली घराघरात नेली, तेव्हा वाटलं होतं आता पुढचा नंबर आमचा. करमाळ्याहून परांडा काही लांब नाही! पण नाही आला.

मराठवाडा मला पडद्यावर दिसला तो तमिळमध्ये. ‘कूळांगल’ म्हणजे गारगोट्या. पी. एस. विनोदराजचा पहिलाच सिनेमा, २०२१ला इथंच रॉटरडॅमच्या महोत्सवात टायगर पुरस्कार मिळवलेला. दारुडा बाप आणि शाळकरी पोरगा करपलेल्या माळावरून पायी चाललेत, सव्वा तास, बस्स. शेवटी बाया एका खड्ड्याभोवती बसून झिरपणारं पाणी थोडं थोडं उपसतायत, आणि कॅमेरा घाई न करता ते भांडं भरेपर्यंत बघत राहतो. मी बघता बघता मराठीत पुटपुटत होते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, जिला जलदूत म्हणत होते, तेव्हा मी लातूरला मामाकडं होते. मामी रात्री दोनला घागर घेऊन नळाशी जाऊन बसायची, आणि नंबरावरून झालेलं भांडण सकाळी आम्हाला अगदी आवाज काढून करून दाखवायची. ती हकिकत इतकी हसवायची की नंतर गप्प बसावंसं वाटायचं. तो सिनेमा अजून कुणी काढलेला नाही.

‘धुरंधर’बद्दल विचाराल, म्हणून थोडक्यात. बघितला. साडेतीन तासांच्या वर आहे, थिएटर आपल्या पोरांनी भरलेलं, शिट्ट्या ऐकून दारावरचा डच पोरगा दोनदा आत डोकावून गेला. अक्षय खन्ना सुंदर. बाकी रक्त फार. १९ मार्चच्या दुसऱ्या भागाला मी जाणार नाही असं म्हटलंय, आणि तिकीट काढून ठेवलंय.

ह्या वर्षी खरी वाट बघतेय ती ‘राजा शिवाजी’ची. १ मे २०२६ ही तारीख जाहीर झालीय. आमच्या लातूरचे रितेश देशमुख दिग्दर्शकही आहेत आणि महाराजही, संगीत अजय-अतुल. महाराजांवरचे सिनेमे गेल्या काही वर्षांत इतके आले की ‘आणखी एक?’ असं तोंडात येतं. पण मला एकच बघायचंय. भोसल्यांचं वेरूळ आमच्याकडं आहे. मालोजीराजांनी घृष्णेश्वराच्या देवळाचं काम केलं ते तिथं. सह्याद्रीची टोकं ड्रोननं दाखवून झाली की कुणी कॅमेरा जरा पूर्वेला वळवतो का, ते बघू. नोलनचा ‘द ओडिसी’ १७ जुलैला येतोय, सगळा आयमॅक्सच्या कॅमेऱ्यांनी काढलेला. तो बघायला नवरा जास्त उतावीळ आहे. दिवाळीत ‘रामायण’चा पहिला भाग. त्याची मला उत्सुकता नाही, धास्ती आहे.

आणि ‘गोंधळ’. संतोष डावखर यांना ह्याच सिनेमासाठी गोव्याच्या इफ्फी महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. नोव्हेंबरात आपल्याकडं लागून गेला, इकडं आलाच नाही. लग्नानंतरची गोंधळाची रात्र म्हणजे आमच्या घरचंच काम, कुलदैवत तुळजापूरची. माझ्या गोंधळात पहाटे तीनला संबळ असं वाजलं होतं की शेजारची म्हातारी काठी टाकून उठली. आईला म्हटलं, तू बघून ये, मला सांग.

‘परभणीला होता दोन दिवस,’ आई म्हणाली. ‘पण गोंधळ बगायला तिकीट कामून काढायचं गं? आपले गोंधळी घरी येऊन घालतेत.’

मग जरा थांबून, ‘बाबा असते तर गेले असते म्हणा. मेमध्ये येशील तवा लावतेत का बघ पुन्हा. संगं जाऊ.’