फिफ्टी-फाइव्ह फुटर

बेसबॉलच्या प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा अमेरिकेतल्या मैदानांवरचा जुना शिरस्ता. खाली प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं, तरी वर काचेमागे बसलेल्यांनी मान खाली घालून आपलं काम करायचं. मला तो लगेच आवडला, कारण क्रिकेटच्या स्कोअररलाही हीच शिस्त लागते आणि मी बरीच वर्षं क्रिकेटचं स्कोअरिंग केलं आहे. इथे आल्यावर मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धेतल्या, एका संघाकडे सामन्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाची जागा निघाली आणि मी अर्ज केला. प्रत्येक पिच (म्हणजे पिचरने, इथल्या गोलंदाजाने, टाकलेला चेंडू), प्रत्येक फटका, प्रत्येक आउट तिथल्या तिथे लॅपटॉपवर भरायचा, असं हे काम. शेजारच्या खुर्चीत ऑफिशियल स्कोअरर बसतात. बॅटर फटक्याच्या जोरावर बेसवर, म्हणजे धावत गाठायच्या चार टप्प्यांपैकी एकावर, पोचला की फील्डरच्या चुकीमुळे, हा निकाल त्यांचा. तो अचूक नोंदवणं माझं.

नियमांचं पुस्तक मी वाचून गेले होते. पण प्रेस बॉक्समध्ये पुस्तकातल्या भाषेत कोणीच बोलत नाही. कानाला हेडफोन, त्यात रेडिओच्या कॉमेंटेटरचा आवाज, आणि तो सांगतोय की सेंटरफिल्डला ‘कॅन ऑफ कॉर्न’ गेला. म्हणजे फील्डरने दोन पावलं सरकून आरामात घेतलेला उंच झेल. ‘टेक्सास लीगर’ म्हणजे इनफिल्डच्या, म्हणजे जवळच्या फील्डरांच्या, डोक्यावरून जाऊन आउटफिल्डरच्या, म्हणजे लांबच्या फील्डरच्या, पुढ्यात पडलेला मिळमिळीत फटका. ‘वर्म बर्नर’ गवताला चाटून जातो. ‘बाल्टिमोर चॉप’ प्लेटसमोरच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेसमोरच्या, कडक जमिनीवर आपटून इतका उंच उडतो की तो खाली येईपर्यंत बॅटर पहिल्या बेसवर पोचलेला असतो. १८९० च्या दशकात बाल्टिमोरच्या संघाने हा फटका मुद्दाम घोटवला होता. या शब्दांचा मला पहिल्यापासून उपयोग झाला. चेंडू कसा गेला, हे त्यांतला प्रत्येक शब्द एका दमात सांगतो, आणि नोंद करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आकड्यांची भाषा वेगळी. क्रिकेटमध्ये गली, पॉइंट, मिडविकेट अशी नावं असतात, इथे प्रत्येक जागेला क्रमांक. पिचर १, बॅटरच्या मागे बसणारा कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे ७, ८, ९. ‘सिक्स-फोर-थ्री’ एवढं ऐकलं की चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर गेला, दोघं आउट, हे डोळे मिटूनही दिसतं. तोच डबल प्ले तिसऱ्या बेसपासून सुरू झाला की ‘अराउंड द हॉर्न’. केप हॉर्नला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांसारखा चेंडू लांबच्या वाटेने फिरतो म्हणून.

ही नोंदपद्धत रुजवण्यात सगळ्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक यांचा. इंग्लंडमध्ये १८२४ साली जन्म, लहानपणीच अमेरिकेत आले, आणि बेसबॉलकडे वळण्याआधी वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच लिहीत होते. स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइक, म्हणजे चुकवलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू, झाले की बॅटर बाद) ‘के’ हे अक्षर त्यांनी घेतलं, इंग्रजीतल्या ‘स्ट्रक’ शब्दाचं शेवटचं अक्षर म्हणून. हे कळल्यावर मला या खेळाच्या वहीत परकं वाटेनासं झालं. बॅट हवेत फिरवून चुकवलेला तिसरा स्ट्राइक असेल तर सरळ के, बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर उलटा के.

आता त्या संध्याकाळबद्दल.

आमच्या संघाचा पिचर टॉमी जॉन सर्जरी होऊन परतलेला होता. कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात, ती ही शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनवर ती पहिल्यांदा केली. जॉन १९७६ मध्ये पुन्हा मैदानात आला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर १६४ सामने जिंकला. आज डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांवर, कोणी नुसतं ‘त्याचं टीजे झालंय’ म्हटलं की सगळ्यांना उमगतं: वर्षभराहून जास्त काळ तो खेळापासून लांब होता आणि आता त्याच्या प्रत्येक आकड्याकडे वरच्या संघाचं लक्ष आहे.

पाचव्या इनिंगमध्ये त्याने पहिल्या दोघांना स्ट्राइकआउट केलं. तीन आउट झाले की समोरच्या संघाची बॅटिंग संपते. आउटफिल्डच्या कठड्यावर मुलं के लिहिलेले पुठ्ठे लावत होती. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ड्वाइट गुडनसाठी १९८४ मध्ये प्रेक्षकांनी असे पुठ्ठे टांगायला सुरुवात केली आणि ती पद्धत देशभर पसरली. तिसरा बॅटर आला. त्याची बॅटिंगची सरासरी (दर बॅटिंगमागे यशस्वी फटके) .१९८, म्हणजे रेडिओच्या भाषेत ‘मेंडोझा लाइन’च्या खाली. मारिओ मेंडोझा हा मेक्सिकोचा उत्तम फील्डिंग करणारा शॉर्टस्टॉप. बॅटिंग बेताची म्हणून .२०० च्या रेषेला त्याचं नाव चिकटलं, जरी त्याची कारकिर्दीची सरासरी .२१५ होती. मला हे त्याच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

दोन स्ट्राइक झाले. पुढचा चेंडू कर्व्हबॉल, एकदम खाली बुडणारा. बॅटरने वरून बॅट फिरवली, अंपायरने हात उडवला, तिसरा स्ट्राइक. कठड्यावर तिसरा पुठ्ठा लागला. इनिंग संपली म्हणून आमचा लेफ्टफिल्डर डगआउटकडे निघालाही. पण चेंडू कॅचरच्या पायावरच्या पॅडला लागून बाजूला उडाला होता आणि समोरच्या डगआउटमधून सगळे ओरडत होते, ‘पळ!’ कॅचरने चेंडू गाठेपर्यंत बॅटर पहिल्या बेसवर उभा होता. सेफ.

स्ट्राइकआउट झालेला माणूस बेसवर उभा, हे क्रिकेटमधून आलेल्या डोळ्यांना आधी पचतच नाही. त्याच्यामागचं तर्कशास्त्र मला फार सुंदर वाटतं. बेसबॉलमध्ये प्रत्येक आउट कोणा ना कोणा फील्डरच्या नावावर ‘पुटआउट’ म्हणून जमा व्हावा लागतो. स्ट्राइकआउटचा पुटआउट कॅचरला मिळतो, कारण तिसरा स्ट्राइक हातात घेऊन तोच आउट पुरा करतो. चेंडू हातात राहिला नाही तर आउट अर्धवट. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील तर बॅटरला पळायची मुभा, आणि त्याला चेंडूने स्पर्श करून किंवा पहिल्या बेसवर चेंडू फेकून बाद करावं लागतं. पिचरच्या खात्यात के मात्र पडतोच.

आता माझ्या पडद्यावर दोन पर्याय होते. वाइल्ड पिच की पास्ड बॉल? पहिला दोष पिचरचा, दुसरा कॅचरचा. यावर बरंच काही ठरणार होतं. पास्ड बॉल असेल तर इनिंग तिथे संपायला हवी होती असं धरतात आणि पुढे कितीही रन झाले तरी ते ‘अनअर्न्ड’. पिचरच्या सरासरीत धरत नाहीत. वाइल्ड पिच असेल तर पुढचं सगळं पिचरच्या माथी.

हेडफोनमध्ये कॉमेंटेटर म्हणाला, ‘फिफ्टी-फाइव्ह फुटर.’ हा शब्द मी आधी ऐकला नव्हता. मी शेजारी बघितलं. स्कोअररनी माझ्याकडे न बघता विचारलं, “पिचर उभा असतो त्या रबरपासून प्लेटपर्यंत अंतर किती?”

“साठ फूट सहा इंच.”

“आणि चेंडू पंचावन्न फुटांवरच खाली आला तर?”

“प्लेटच्या पुढेच टप्पा पडेल.”

“मग पुस्तक काय म्हणतं?”

पुस्तक मला पाठ होतं. कॅचरपर्यंत पोचण्याआधी चेंडू जमिनीला लागला आणि त्याला आवरला नाही, तर ती वाइल्ड पिच. कॅचरने अडवायला हवा होता का, हा प्रश्नच उरत नाही. कॉमेंटेटरने दोन शब्दांत टप्प्याची जागा सांगितली होती, आणि टप्प्याच्या जागेत निकाल होता. तरीही रेडिओवर विसंबून निकाल द्यायचा नाही, ही स्कोअररची पद्धत. त्यांनी रीप्ले मागवला. मॉनिटरवर चित्र अगदी सावकाश पुढे सरकवलं. कॅचरचा ग्लव्ह खाली उलटा टेकलेला, गुडघे जमिनीकडे झुकलेले, आणि प्लेटच्या पुढच्या कडेच्या अलीकडे, तपकिरी मातीत, धुळीचा एक छोटा फुगा. तो फुगा उठतो, चेंडू वर उसळतो, मग पॅडला लागतो. आणखी एकदा बघितलं. स्कोअररनी माइक ओढला आणि प्रेस बॉक्सला सांगितलं, स्ट्राइकआउट, वाइल्ड पिच, बॅटर पहिल्या बेसवर. मी नोंद केली.

पुढच्याच बॅटरने चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापार घालवला. ‘गॉन यार्ड.’ दोन रन. त्याच्यानंतरचा बॅटर मात्र कोपऱ्यावरून गेलेला फास्टबॉल नुसता बघत राहिला आणि कठड्यावर उलटा के लागला. एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट! असं होऊ शकतं हे मी वाचलं होतं. ओळीने टांगलेले ते चार पुठ्ठे बघताना अंगावर काटा आला, आणि टाळ्या न वाजवण्याचा नियम तेवढ्यापुरता जड गेला.

इनिंगच्या मधल्या वेळात मी ताळा केला. क्रिकेटच्या स्कोअररला धावा आणि गोलंदाजी जुळवल्याशिवाय चैन पडत नाही. इथलाही ताळा तसाच चोख आहे. जितके बॅटर प्लेटवर आले, तितकीच बेरीज रन, बेसवर अडकून राहिलेले रनर आणि समोरच्या संघाचे पुटआउट यांची व्हायला हवी. बॅटर पाच. रन दोन, अडकलेले शून्य, पुटआउट तीन. पाच. स्ट्राइकआउट चार आणि पुटआउट तीन, म्हणून गोंधळल्यासारखं वाटणारं सगळं एका ओळीत जुळलं.

स्कोअररनी तेवढ्यात १९४१ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेची, गोष्ट सांगितली. चौथा सामना, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड. नववी इनिंग, दोन आउट, डॉजर्स ४-३ ने पुढे. ह्यू केसीच्या चेंडूवर यांकीजचा टॉमी हेन्रिक तिसरा स्ट्राइक चुकला. सामना संपलाच होता. चेंडू कॅचर मिकी ओवेनला चुकवून मागे गेला, हेन्रिक पळाला आणि यांकीजनी त्या इनिंगमध्ये चार रन काढून सामना ७-४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी सिरीजही त्यांनीच घेतली. हे सांगताना स्कोअररचा आवाज बदलला होता. ओवेन त्या एका चेंडूसाठी आयुष्यभर लक्षात राहिला, म्हणूनच कॅचरच्या नावावर काही लिहिताना दोनदा बघायचं, असं ते म्हणाले.

सामना संपल्यावर संघाचा प्रसिद्धी विभागाचा माणूस वर आला. ते दोन रन अर्न्ड का धरले, असं खालून विचारत होते. स्कोअररनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मी रीप्ले लावला, धुळीच्या फुग्यावर चित्र थांबवलं आणि म्हटलं, “फिफ्टी-फाइव्ह फुटर.” त्याला आणखी काही विचारायची गरज पडली नाही. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. विचारणा पिचरने केलेली नव्हती, कॅचरने केली होती. चेंडू मी अंगावर घेऊन अडवायला हवा होता, माझ्या नावावर पास्ड बॉल लिहा, त्याच्या आकड्यांना हात लावू नका, असा निरोप त्याने पाठवला होता.

मला त्या कॅचरबद्दल फार आदर वाटला. स्कोअररनाही वाटला असावा, कारण त्यांनी रीप्ले आणखी एकदा मागितला. निर्णय बदलायला त्यांना नियमाने चोवीस तास असतात. पण टप्पा प्लेटच्या अलीकडेच होता. दोन्ही रन पिचरच्या नावावर राहिले आणि शीट तशीच लीगकडे गेली.