"येतोय की!"

काल रात्री हे म्हणाले, "येतोय की मलापण तो आवाज." मोबाइलवरची नजर न काढता. इतके महिने ज्या वाक्याची वाट बघितली ते असं आलं, आणि मला झोपच लागली नाही.

कुठून येतोय, विचारलं. त्यांनी गॅलरीकडं हात केला. गॅलरीत तर तो जवळजवळ नसतोच. तो असतो उशाशी, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात. कसा आहे, विचारलं तर म्हणाले, "असाच, सूं करून." सूं नाही हो, घूं! लांब कुणीतरी ट्रक चालू ठेवून चहाला गेलाय आणि परत यायचं नाव घेत नाही, तसला. मध्येच दबतो, परत चढतो. छातीत आधी कळतो, कानाला नंतर.

म्हणजे माझी समजूत काढली. मायेनंच काढली असणार. पण "काय नाही, झोप" म्हणायचे तेव्हा निदान भांडता येत होतं. आता कुणाशी भांडू? त्यांच्यापुरता विषय मिटला, आणि मी त्या आवाजाबरोबर आणखीच एकटी.

शोधायचं तेवढं शोधलंय. आधी वाटलं साखर कारखाना असेल. गळीत हंगाम संपला, आवाज आहे तिथंच. मग उद्यमनगरवर संशय. खंडेनवमीला मशिनं पुजून बंद ठेवली होती, त्या रात्रीही होता. कोपऱ्यावरची डीपी म्हणावी, तर आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची, आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो 100 वर. मी हेडफोनवरच्या सुरांशी माझा आवाज जुळवून बघितला, तो साठच्या आसपास. शिवाय लाईट गेली तरी हा जात नाही. मागे रात्री गेली तेव्हा सगळे जिन्यात जमले, "काय शांत वाटतंय!" म्हणत होते. मीपण "हो" म्हटलं.

कानाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल दिला. ती तपासणी बहुतेक 250 हर्ट्झपासून पुढं होते, म्हणजे माझा आवाज त्यांच्या कागदावर सुरूच होत नाही. आईच्या वेळीही सगळं नॉर्मलच आलं होतं. जाऊ दे.

जगात आहेत असली माणसं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या टाओस गावात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एवढी ओरड झाली, की शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन आले. यंत्रांना बाहेर काही सापडलं नाही. ऐकणारे निघाले दोनेक टक्के. आमच्या अपार्टमेंटात माणसं चाळीसच्या आत. त्या हिशेबानं इथं मी एकटीसुद्धा पुरी भरत नाही! कॅनडातल्या विंडसरचे लोक नशीबवान. वर्षानुवर्षं ते नदीपलीकडच्या पोलाद कारखान्याकडं बोट दाखवत होते. 2020 मध्ये तिथल्या भट्ट्या थंड झाल्या आणि आवाज थांबला. त्यांना निदान भट्टी मिळाली. मी कुणाकडं बोट दाखवू? माझ्याच डोक्याकडं? शेजारच्या काकूंनी आडून तेच सुचवलंय. वर, जोतिबाला जाऊन ये म्हणाल्या. जाईन, त्यात काय.

तसं सुख मिळतंच नाही असंही नाही. गणपती विसर्जनाच्या रात्री अख्खं गाव डॉल्बीच्या नावानं बोटं मोडत होतं, आणि मी गाढ झोपले. ह्यांच्या घोरण्यावरून लग्नापासून कटकट करत आले. आता ते कुशीवर वळले आणि घोरणं थांबलं की मीच जागी होते. हे मुंबईला गेले होते तेव्हा तर मी फोनवर सांगणार होते, जरा घोरून दाखवा.

एक मात्र वाचलंय ते पटलं. साठ हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेपाच मीटरच्या वर लांब असते. आमची बेडरूमच तेवढी नाही. असला आवाज भिंतीला जुमानत नाही, आणि खोलीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त जाणवतो. तेव्हा पलंग खोलीच्या मधोमध घ्यायचा. सागवानी आहे, ह्यांच्या कमरेला झेपायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या पोरांना मिसळ कबूल केली की येतील. का हलवताय म्हणून विचारलं, तर वास्तुशास्त्र सांगेन. त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.