मरीनाच्या डिकीचं रबर

गेल्या जुलैत आंबोलीच्या एका शाळेत पुस्तकं घेऊन गेले होते. घाट चढून वर पोचले, डिकी उघडली, पहिला खोका उचलला आणि त्याचा तळ गाडीतच राहिला. डिकीत पावसाचं पाणी शिरून बत्तीस पुस्तकं भिजली होती. चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत कागद एकदा चिकटला की पंख्याखाली कितीही वाळवा, पान सोडवताना चित्र फाटतंच. चौथीतली मुलं वर्गाच्या दारातून बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि परतताना घाटातच ठरवलं की आता डिकीच्या कडेचं रबर बदलल्याशिवाय पुस्तकं गाडीत घालायची नाहीत.

गाडी २००७ची टाटा इंडिगो मरीना, डिझेल. मामाने वापरलेली, त्याच्याकडून मी घेतली. कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग भागातल्या शाळांमध्ये मी ग्रंथप्रदर्शनं भरवते. त्या कामाला यापेक्षा सोयीची गाडी मला माहीत नाही. मागची सीट पाडली की चौदा खोके बसतात, आणि जीपसारखे उंच उचलावे लागत नाहीत. आपल्याकडे अशा, मागे सामानाची मोकळी जागा असलेल्या स्टेशन वॅगन रुजल्याच नाहीत. टाटा इस्टेट, ओपेल कोर्सा स्विंग, बलेनो अल्तुरा, फियाटची वीकएंड, सगळ्या आल्या आणि गेल्या. मरीना २००४मध्ये आली, तीही काही वर्षांतच बंद झाली.

खरं तर गाडी मार्चपासून सांगत होती. मागच्या काचेला आतून लाल मातीचा थर बसायचा आणि खोक्यांवर बोट फिरवलं की रेघ उमटायची. वॅगनची पाठ उभी असते. गाडी धावताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि मागे उडालेली धूळ तिथेच घोटाळत राहते. डिकीला फट असेल तर ती धूळ आत ओढली जाते. धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही येतो. मला वळणावळणाच्या रस्त्यावर डोकं जड व्हायचं, ते मी घाटावर ढकलायचे. मागे बसणारं लहान मूल असेल तर हे अजिबात चालवून घेऊ नका.

आमच्या मेस्त्रींनी डिकीच्या रबरावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "रबर खंय रवला ताई, ह्यो दगड झालो." दाबलेली जागा वर येतच नव्हती. वर्षानुवर्षं दाबून दाबून आतली पोकळ नळी चपटी झाली होती. खालच्या बाजूला रबराच्या पोटातली लोखंडी पट्टी गंजून बाहेर आली होती. समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर राहायचं म्हणजे हे होणारच.

दारांचं काय, ते बघायला दहा रुपयांची नोट वापरली. दारात नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडखळत आली तर रबर ठीक, सरळ निसटली तर तिथे पकड नाही. पुढच्या दोन्ही दारांवर, आरशाच्या कोपऱ्यापाशी, नोट अलगद बाहेर येत होती. डिकीला पावडर लावून पाहिली. रबरावर टाल्कम पावडर फासायची, डिकी लावायची, उघडायची आणि पत्र्यावर पावडर कुठे उमटली नाही ते बघायचं. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागा कोरी होती.

मग शोध सुरू झाला. इथे मी एक चूक केली आणि तिच्यात तीन आठवडे गेले. ऑनलाइन 'कुठल्याही गाडीला चालेल' अशी चिकटपट्टीची डी आकाराची नळी मागवली. ती जुन्या रबराशेजारी लावली तर डिकी आदळल्याशिवाय लागेना, आणि श्रावणातल्या पावसात गोंद सुटून ती लोंबकळायला लागली.

कोल्हापूरला उद्यमनगरात भंगारातल्या एका मरीनाचं रबर मिळत होतं. हातात घेतलं तर तेही तितकंच कडक. काच, आरसा, दिवा हे भंगारातून जरूर घ्यावं. रबर घेऊ नये, त्याचंही वय आपल्या गाडीएवढंच असतं.

शेवटी पुण्याला नाना पेठ गाठली. पहिल्या चार दुकानांत मरीना म्हटल्याबरोबर मान हलली. पाचव्या दुकानातल्या काकांनी मात्र विचारलं, "जुनं रबर आणलंय का?" मी दारांची दोन अखंड रबरं आणि डिकीच्या रबराचा बोटभर तुकडा पिशवीतून काढून ठेवला. त्यांनी मला जे सांगितलं ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मरीना पुढून मागच्या दारापर्यंत इंडिगोच आहे, आणि इंडिगोची पुढची दारं इंडिकाची. इंडिका टॅक्सीत एवढी चालली की तिचा माल अजून मिळतो. दुर्मीळ आहे ती फक्त मागची काच, डिकी आणि तिचं रबर. दारांची चारही रबरं त्यांनी वीस मिनिटांत काढून दिली: पुढची इंडिकाची, मागची इंडिगोची. काउंटरवर जुनं आणि नवं शेजारी लांब करून ठेवलं, कोपऱ्याला कोपरा जुळवला, मगच पैसे दिले.

डिकीसाठी ते म्हणाले, "गाडीचं नाव विसरा. काप बघा." म्हणजे रबर आडवं कापल्यावर दिसतो तो आकार. आमच्या डिकीच्या रबरात खालची पकड पत्र्याच्या उभ्या कडेवर बसते आणि नळी बरोबर तिच्या डोक्यावर असते. काही रबरांना नळी बाजूला असते, ती दारांना चालतात. डिकी वरून येऊन कडेवर टेकते, तिला डोक्यावर नळीवालंच हवं. असं रबर मीटरवर मिळतं, कोणत्या गाडीचं याचा प्रश्नच येत नाही. पत्र्याची कड किती जाड आणि फट किती, एवढी दोनच मापं लागतात. कड दोन मिलिमीटरची होती. फट मला माहीत नव्हती, आणि चपटी झालेली नळी मोजून उपयोग नव्हता.

त्यासाठी घरी येऊन कणीक मळली. घट्ट, पुरीला मळतो तशी. जुनं रबर काढून कडेवर सहा ठिकाणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोळे ठेवले, डिकी हळूच लावली, उघडली आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी पट्टीने मोजली. पाच ठिकाणी ११ मिलिमीटर, डावीकडे खाली १३. तोच पावडर न उमटलेला कोपरा! डिकीच एका बाजूला किंचित उतरली होती. मेस्त्रींनी बिजागरीचे बोल्ट सैल करून ती सारखी केली, दुसऱ्या कणकेत सगळीकडे ११ आलं. नळी साधारण एक तृतीयांश दबायला हवी, म्हणून १६ मिलिमीटरची मागवली. काकांनी एसटीच्या पार्सलने चार मीटर पाठवलं, १४० रुपये मीटर.

माल पारखायची त्यांची रीतही लिहून ठेवते. चांगलं रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं, दिसायला मंद काळं. दुमडून मिनिटभर धरा आणि सोडा, लगेच सरळ होतं. चकचकीत पीव्हीसी दुमडलेलंच राहतं. ईपीडीएमला ऊन-पाऊस सोसतो, पण खनिज तेल आणि त्याचं साधं ग्रीस सोसत नाही, त्याने ते फुगतं; सिलिकॉनचं ग्रीस चालतं. बसवताना सरकायला हवं म्हणून मी साबणाचं पाणी वापरलं, आणि आता दर दोन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीस लावते.

बसवायला अख्खा रविवार गेला, त्यातला अर्धा गंज काढण्यात. कड घासून प्रायमर मारला आणि रात्रभर वाळू दिला. जोड खालच्या बाजूला मधोमध ठेवला, कारण वरून येणारं पाणी तिथे साठत नाही. रबर कुठेही ताणायचं नाही. ताणलं की कोपऱ्यात नळी चपटी होते, आणि काही दिवसांनी रबर आखडून जोडाशी फट पडते. आधी चार कोपरे बसवले, मग मधला भाग तळहाताने दाबत गेले. जोडाला तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवून टोकं एकमेकांवर दाबली. सुतळीने मोजलेला घेर ३ मीटर ६५ सेंटिमीटर होता, रबर तेवढंच लागलं.

दुसऱ्या दिवशी भाचीला टॉर्च आणि वर्तमानपत्र देऊन डिकीत बसवलं आणि बाहेरून पाइपने पाणी मारलं. खालून सुरुवात करून हळूहळू वर गेलं तर नेमकं कुठून येतं ते कळतं. रबरातून थेंब नाही. पण डाव्या मागच्या दिव्याच्या मागून बारीक धार आली. मला रडूच आलं. दिवा काढला तर त्याच्यामागचं फोमचं गॅस्केट हाताला लागताच भुगा झालं. म्हणजे त्या बत्तीस पुस्तकांवरचं निम्मं पाणी तिथलं असणार. वॅगनमध्ये मागचे दिवे, वरचा ब्रेकलाइट, वायपरची रबरी गोटी या सगळ्यांतून येणारं पाणी एकाच जागी, खोक्यांखाली जमतं, आणि दोष जातो डिकीच्या रबरावर. पाणी न पिणाऱ्या, बंद पेशींच्या फोमची पट्टी कापून दोन्ही दिव्यांना नवी गॅस्केटं केली.

सप्टेंबरच्या शेवटी आंबोलीला परत गेले, त्याच शाळेत. तिथे वर्षाला सरासरी ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या दिवशीही घाटभर कोसळत होता. खोक्यांखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. ते मी तसंच घडी घालून परत आणलं, कोरडं.

चार मीटरमधला ३५ सेंटिमीटरचा तुकडा उरलाय. त्यावर 'कड २, नळी १६, डोक्यावर' अशी चिठ्ठी बांधून ठेवली आहे. तुमच्याकडे मरीना असेल तर सांगा, नमुन्याला बोटभर कापून पाठवते.