आकडा ज्याचा, त्याला आधी दाखवा

कन्सल्टिंगमध्ये नव्याने रुजू झालेल्यांशी बोलणं हा माझ्या कामातला फार आवडता भाग. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पार्टनर लोकांशी, म्हणजे फर्मच्या भागीदारांशी, ओळख कशी वाढवायची, क्लायंटच्या मोठ्या साहेबांवर छाप कशी पाडायची? प्रश्न रास्त आहे. पण मी त्यांना उलट विचारते, "तुला डेटा कोण देणार आहे? त्याचं नाव तरी माहीत आहे का?"

संचालकांशी नातं जोडण्याचं काम पार्टनरचं, आणि तो ते वर्षानुवर्षं करत आलेला असतो. नवख्या ॲनालिस्टच्या वाट्याला वेगळी माणसं येतात: प्लॅनिंग मॅनेजर, अकाउंट्समधला सीनियर, सिस्टिममधून रिपोर्ट काढून देणारी आयटीतली मुलगी, साहेबांचं कॅलेंडर सांभाळणारी सेक्रेटरी. यांच्यापैकी कुणीही आपल्याला बोलावलेलं नसतं. त्यांना फक्त वरून निरोप आलेला असतो की कन्सल्टंट येणार आहेत, सहकार्य करा. आणि प्रत्येकाच्या मनात शंका असते, की हे आमच्या माणसांवर गदा आणायला तर आले नाहीत ना? तुमची पहिली भेट होते तेव्हा ही शंका आधीच खोलीत येऊन बसलेली असते.

त्यात पहिल्याच आठवड्यात आपण डेटा रिक्वेस्ट पाठवतो. लांबलचक एक्सेल, प्रत्येक ओळीत "गेल्या तीन वर्षांचा, महिनावार, उत्पादननिहाय", आणि खाली शुक्रवारची मुदत. समोरच्याचं रोजचं काम थांबलेलं नसतं. महिनाअखेरीचं क्लोजिंग चालू असेल, तर तुमची मेल वाचून त्याला काय वाटत असेल याची कल्पना करा. म्हणून माझ्या टीममध्ये यादी पाठवण्याआधी अर्धा तास त्या माणसाशी बोलणं सक्तीचं आहे. सध्या तुम्ही कुठले रिपोर्ट काढता? ते कुणाकडे जातात? आणि त्यातल्या कुठल्या आकड्यावर तुमचा स्वतःचाच भरवसा नाही? हा तिसरा प्रश्न फार मोलाचा. तो विचारला की माणूस खुर्ची पुढे ओढतो. आपण चुका शोधायला आलेलो नाही, त्याला रोज भोगाव्या लागणाऱ्या अडचणी आपल्यालाही समजून घ्यायच्या आहेत, हे त्याला तिथे कळतं. शिवाय यादीतल्या कितीतरी ओळी आपोआप गळतात, कारण हवी ती माहिती आधीपासूनच कुठल्यातरी रिपोर्टात असते.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही साठा कमी करण्याचं काम करत होतो. माझ्याबरोबरच्या ॲनालिस्टने वर्षभरात न हललेला माल वेगळा काढला. आकडा मोठा निघाला, एकूण साठ्याच्या किमतीच्या जवळपास चौथा हिस्सा. मुलगा हुशार होता, खूशही झाला होता. स्टिअरिंग कमिटीसाठी, म्हणजे प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या क्लायंटच्या वरिष्ठांच्या समितीसाठी, ठसठशीत शीर्षकाची स्लाइडही त्याने करून ठेवली. मी त्याला म्हटलं, हे कुणालाही दाखवण्याआधी स्टोअर्स मॅनेजरांकडे जाऊ. आणि लॅपटॉप नको, प्रिंट घे. स्क्रीन माणूस नुसती बघतो. कागद हातात असला की पेन काढतो.

मॅनेजरांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर पेन फिरवत वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर त्यांनी बऱ्याच ओळींपुढे बारीक खुणा केल्या. म्हणाले, "हे जुन्या मशीनचे सुटे भाग आहेत. मशीन विकताना दहा वर्षं स्पेअर पुरवायचा करार केलेला असतो आपण. हलत नाहीत, पण काढताही येत नाहीत." दुसऱ्या पानावर मात्र पेन थांबलं. "हा माल खरंच पडून आहे. डिझाइन बदललं, जुन्याचं काय करायचं ते कुणी ठरवलंच नाही. मी लिहून दिलं होतं." मग ते उठले आणि कपाटातून आपल्या जुन्या टिपणांची फाइल काढून आणली.

आकडा निम्म्यावर आला. पण उरलेला निम्मा कुणाला खोडता येईना. कमिटीत फायनान्सच्या प्रमुखांनी विचारलं, "हे स्पेअर धरून की सोडून?" उत्तर स्टोअर्स मॅनेजरांनीच दिलं, आमच्या आधी. पुढे तो साठा काढण्याची जबाबदारीही त्यांनी स्वतःहून घेतली. स्लाइडवर त्यांच्या जुन्या टिपणाचा उल्लेख होता, त्यांच्या नावासकट.

निष्कर्ष समोरच्याच्या मर्जीने बदलायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. पुराव्याने आकडा बदलला तर बदलायचा. नाही बदलला तर तो तसाच जाणार, हे त्याला तोंडावर सांगायचं. पण ज्याच्या कामाबद्दल तो आकडा आहे, त्याने तो भर बैठकीत आपल्या साहेबांच्या शेजारी बसून पहिल्यांदा ऐकता कामा नये. वाईट बातमीचा राग माणसाला येतो आणि जातोही. चारचौघांत तोंडघशी पाडलेलं मात्र तो विसरत नाही, आणि का विसरावं?

या जवळिकीला एक मर्यादा आहे. ओळख वाढली की समोरचा हळूच विचारतो, "आमच्या डिपार्टमेंटचं काय ठरतंय?" अशा वेळी धीर द्यायचा मोह होतो. "काळजी करू नका, तुम्हाला काही होणार नाही" हे वाक्य कधीही बोलू नका. तो निर्णय तुमच्या हातात नसतो, आणि उद्या वेगळं झालं तर त्या माणसाने तुमच्या शब्दावर विसंबून कदाचित दुसरी नोकरी शोधणंही थांबवलेलं असेल. मी सरळ सांगते: यावर मला बोलता येणार नाही, तुमच्या कामाबद्दल मी जे मांडणार आहे, ते मात्र तुम्हाला आधी दाखवीन. तसंच एका विभागातलं बोलणं दुसऱ्या विभागात न्यायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. तिकडचं इकडे सांगणारा इकडचंही तिकडे सांगत असणार, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आपल्या फर्ममधल्या नात्यांबद्दल थोडक्यात. पुढचं प्रोजेक्ट मिळतं ते कागदोपत्री स्टाफिंगवाल्यांकडून, पण खरं ठरतं ते "हिला माझ्या टीममध्ये द्या" असं कुणीतरी म्हटल्यावर. असं म्हणणारी माणसं पार्टीतल्या गप्पांतून तयार होत नाहीत. रात्री उशिरा डेक, म्हणजे स्लाइडचा संच, द्यायचा असेल आणि तो वेळेत होणार नाही हे तुम्हाला संध्याकाळीच दिसलं, तर ते संध्याकाळीच सांगा. मॅनेजरचा विश्वास यावरच बसतो. रिसर्च टीमला आणि स्लाइड सजवणाऱ्या टीमलाही काम देताना ते कशासाठी हवंय हे दोन ओळींत लिहा, आणि बैठक झाल्यावर तिचं काय झालं तेही कळवा.

आता नाती टिकवण्याबद्दल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक गाजलेला शोधनिबंध आहे. बोस्टनच्या उपनगरात ज्यांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली होती, अशांना त्याने विचारलं, की ही ओळखीची व्यक्ती त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायची? नेहमी भेटणारे निघाले 16.7 टक्के, अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के आणि क्वचित भेटणारे 27.8 टक्के. नमुना लहानच होता. पण 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष 'सायन्स'मध्ये आले, तेव्हाही नोकरी बदलताना सर्वाधिक उपयोगी ठरलेल्या ओळखी घट्ट नव्हत्या आणि अगदीच पुसटही नव्हत्या, मधल्या होत्या. कन्सल्टंटच्या आयुष्यात या मधल्या ओळखीच सगळ्यांत जास्त असतात. काही महिने रोज एकत्र काम, आणि मग एकदम काहीच नाही.

म्हणून प्रोजेक्ट संपताना मी प्रत्येक माणसाबद्दल चार ओळी लिहून ठेवते: तो काय करत होता, त्याला कुठला प्रश्न छळत होता, मी दिलेला कुठला शब्द पाळायचा राहिला. पुढे त्याच प्रश्नाबद्दल काही वाचनात आलं की ते पाठवते, सोबत दोन वाक्यं. सणाचे शुभेच्छासंदेश मी ठोक पाठवत नाही. ते पाठवणाऱ्याला बरं वाटतं, घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. आणि वर्षभर गप्प राहून पहिल्याच मेसेजात काम मागायचं टाळते. मागायची वेळ आलीच, तर आडवळणाने येत नाही, पहिल्या ओळीतच काय हवंय ते लिहिते.

नवीन असाल तर या चार ओळी आजच्याच प्रोजेक्टपासून लिहायला घ्या. पहिलं नाव डेटा देणाऱ्याचं.