तुम्ही विचारलंत म्हणून: गाव ओस पडतंय, मग लोकसंख्यावाढ कशाला शिकायची?

सांगली जिल्ह्यातल्या विटा भागात मी बारावीला भूगोल शिकवतो. पालक भेटले की विचारतात, "सर, गावात माणूस राहिला नाही, शाळेचा पट घसरलाय, आणि तुम्ही पोरांना लोकसंख्यावाढ कसली शिकवताय?"

प्रश्न रास्त आहे. 2001 ते 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली, सांगली जिल्ह्याची 9 टक्क्यांच्या आसपास. पण म्हणून इथे फक्त पाळणे कमी हलले असं समजू नका. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर, तिन्ही मिळून आकडा बनतो. इथल्या खानापूर-आटपाडी तालुक्यांतली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत. त्यांची पोरं जिथे राहतात तिथेच मोजली जातात.

मी मुलांना आपापल्या वाडीचा लोकसंख्या मनोरा काढायला लावतो. घरोघर वयं विचारायची आणि आलेखाच्या कागदावर डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, पाच-पाच वर्षांच्या पट्ट्या आखायच्या. पुस्तकातला मनोरा सुबक असतो. यांच्या कागदावर पंचविशी ते चाळिशीच्या पट्ट्या डावीकडे एकदम आखूड पडतात, साठीपुढे उजवीकडच्या लांबतात. एका मुलीने स्वतःच्याच कागदाकडे बघत विचारलं, "सर, मग रात्री-अपरात्री आजीला दवाखान्यात नेणार कोण?" मला तिच्याकडून हेच हवं होतं.

दुसरी गोष्ट पटायला वेळ लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं निघाली 1.7, देशात 2. पिढीची जागा पिढीने भरायला साधारण 2.1 लागतात. तरी देशाची लोकसंख्या वाढतेच आहे, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आता आया होताहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी आयाच जास्त, म्हणून बाळंही जास्त. हे न कळता कोणी "लोकसंख्येचा स्फोट" म्हणून ओरडतो, कोणी "आता काळजी मिटली" म्हणतो. दोघांचंही मला पटत नाही.

आणि 867 हा आकडा तर मी फळ्यावर मोठा लिहितो. 2011 ला सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे एवढ्याच मुली होत्या. ती पोरं आता लग्नाच्या वयाला येताहेत. "पोराला मुलगी मिळेना" म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा बघावा.

जलजीवनची नळयोजना माणशी रोज 55 लिटर धरून आखतात. जत्रेला गलाईवाले परतले की गाव भरतं, एरवी निम्मी घरं कुलूपबंद. मग माणसं किती धरायची? मुलांचे मनोरे म्हणूनच मी ग्रामपंचायतीत नेऊन देतो. 2027 ची जनगणना तोंडावर आहे. प्रगणक दारात आले की म्हातारीचं वय अंदाजाने ठोकू नका, आणि तान्ही लेक सांगायची राहू देऊ नका.